डावा कोपरा, सन अठ्ठ्याऐंशी

रामवाडी, पेण
१६ जानेवारी १९९६

शकू बाय,

तुला आणि तुझ्या गुडघ्याला, दोघांनाही आशीर्वाद. थंडीत जास्त ठणकत असेल. वर्ध्याची थंडी आम्हा खाडीकाठच्या माणसांना काय कळणार? इथे माणूस स्वेटर घालतो तो नवा आहे म्हणून. तेलाची बाटली या खेपेस पार्सलने पाठवतोय, कारण तिकडे जाणारं कुणी सापडलं नाही. तुझ्या काकीला म्हटलं, बाटलीला नीट कापड गुंडाळ, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे ना यंदा." दरवर्षी ती हेच म्हणते आणि दरवर्षी बाटली कुठेतरी ठेवून विसरते. मग मीच शोधून काढतो.

पण पत्राचं कारण तेल नाही.

परवाच्या रविवारी मुंबईच्या पेपरात, पुरवणीत, अर्धं पान आलंय. तुझ्याकडे तो पेपर येतो की नाही ते माहीत नाही. कात्रण पाकिटात घातलं, परत काढलं, परत घातलं, आता बाहेरच आहे. काय आहे ते सांगतो. कॉलेजच्या खेळांत मागे पोरींवर जे अत्याचार झाले आणि तिथल्या तिथे दाबले गेले, त्यावर श्यामला नावाच्या एका बाईने लिहिलंय. एक धावणारी मुलगी, एक पोहणारी आणि तिसरी आपल्याकडची. शब्द असे आहेत: "रायगड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या कबड्डी संघात १९८८ साली डावा कोपरा सांभाळणारी, मिठागरावर राबणाऱ्या घरातली खेळाडू." बाहेरगावच्या स्पर्धेत, मुक्कामाच्या जागी, दुखापतीवर उपचार करतो म्हणून प्रशिक्षकाने तिला खोलीत बोलावलं, असं आहे. पुढचं मी लिहीत नाही. तिने प्राचार्यांना सांगितलं आणि प्राचार्यांनी तिला संघाच्या नावलौकिकाचं सांगितलं, असंही आहे.

नाव कुठेच नाही. बाईंना वाटलं असेल की झाकलं. त्यांना कोण सांगणार, की पेणपासून रोह्यापर्यंत माणसाला स्वतःच्या लग्नाचं साल आठवत नाही, पण कुठल्या वर्षी कुठल्या संघाचा डावा कोपरा कोण होता ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. सोमवारी सकाळी मी दाढीला बसलो होतो. तोंडाला फेस, डोळे मिटलेले. माझ्या मागच्या बाकावरचे दोघे हळू बोलत होते. माझे कान तुला माहीत आहेत. स्टँडवरून एसटी सुटली की गिअर कितवा पडला ते मी दुकानात बसून सांगतो. "अठ्ठ्याऐंशीचा डावा कोपरा म्हंजे काळूशेठची पुतनी नाय का?" "गप, बसलाय पुढं."

मी हसलो. फेसात दिसलं नसेल.

शकू, ती तू नाहीस हे मला माहीत आहे. शिवादादा आणि वहिनी गेल्यापासून तू आमच्या घरात वाढलीस. तुझ्या ताटात काय वाढलं आणि तू काय टाकलंस ते मला माहीत असायचं. तू खेळ सोडलास तो गुडघ्यामुळे. मीच नाही का त्या वर्षी नागोठण्याच्या सामन्यात माईकवरून सांगितलं, "आपल्या सर्वांची लाडकी खेळाडू दुखापतीमुळे आज मैदानात नाही, तिच्यासाठी टाळ्या"? केवढ्या टाळ्या पडल्या होत्या. आणि तू दुसऱ्याच आठवड्यात काकीच्या मावसबहिणीकडे वर्ध्याला निघून गेलीस, ती तिकडचीच झालीस. दिवाळीला कार्ड पाठवतेस, तेही काकीच्या नावाने. असो.

काल दिनानाथ सर स्कूटरवरून दुकानात आले. तुमच्या संघाचे तेव्हाचे सर, आणि अजूनही तेच. पंचवीस वर्षं झाली म्हणून पुढच्या महिन्यात रोह्याच्या स्पर्धेत त्यांचा सत्कार आहे. साऊंड आपला, बोलणार मीच. चहा पिताना म्हणाले, "काळुराम, माझं सोड. मी दोन दगड खाईन. पण पोरीचं काय? नोकरी करणारी पोर. लोक तिच्यावर ढकलतायत. कुटुंबातर्फे साप्ताहिकात एक खुलासा दे. मजकूर मी आणलाय."

मजकूर तयार होता, हे जरा खटकलं. चाळीस वर्षं धंदा केला; तयार कागद घेऊन येणाऱ्याकडे मी दोनदा बघतो. पण वाचला तर वाईट काही नव्हतं. मी दोन वाक्यं बदलली आणि ठेवून घेतला. आपल्याकडे म्हैस चुकली तरी खुलासा देतात, भावाने परस्पर जमीन विकली तरी देतात. मग पोरीच्या नावासाठी का नाही?

स्कूटरला किक मारताना सर म्हणाले, "गुडघा कसा आहे तिचा? तेल लावते ना अजून?" बघ, माणूस किती आठवण ठेवतो.

तू काळजी करू नकोस. बंदोबस्त मी करतो.

तुझा काका
काळुराम


रामवाडी
२९ जानेवारी

शकू,

तुझं उत्तर नाही. पार्सल मात्र परत आलं. वर लाल शाईत शेरा आहे: घेण्यास नकार. वर्ध्याचं पोस्ट कसलं म्हणायचं हे? तू शाळेत शिकवायला गेलेली असताना पोस्टमन आला असेल आणि शेजारणीने नको म्हटलं असेल. पोस्टात जाऊन विचारलं, तर खिडकीतला म्हणाला, "काळूशेठ, सही बाईंची आहे." मी म्हटलं, सही कुणीही करतं.

खुलासा छापून आला. महादेव संपादकाने पहिल्या पानावर, चौकटीत, घेतला. लिहून पाठवतो, म्हणजे तुझ्याकडे राहील:

"जाहीर खुलासा. मुंबईच्या एका दैनिकात आलेल्या मजकुरातील खेळाडू म्हणजे आमची पुतणी कु. शकुंतला असल्याची अफवा काही लोक पसरवीत आहेत. तिचा त्या प्रकाराशी काडीचाही संबंध नाही. तिने गुडघ्याच्या दुखापतीमुळे खेळ सोडला. आमचे व दिनानाथ सरांचे घरोब्याचे संबंध आहेत. कुटुंबातर्फे, काळुराम, साऊंड सर्व्हिस, रामवाडी."

घरोब्याचं वाक्य माझं नाही. मी खोडलं होतं, ते परत आलं. महादेवला विचारलं तर म्हणाला, "मूळ प्रतीवरून घेतलं असेल." मूळ प्रत त्याच्याकडे कुठून आली?

आणि एक गोष्ट मला कळेनाशी झाली आहे, ती तुला सांगतो. खुलासा आल्यावर बोलणं थांबायला हवं होतं. ते वाढलं. सलूनवाला मान धरून म्हणाला, "शेठ, मुंबईच्या पेपरात नाव नव्हतं. नाव तुमीच घातलंव." मी म्हटलं, अरे, नाही म्हणण्यासाठी घातलं. तो म्हणाला, "ते खरं. पन आता पोरासोरांना पन कललं." माझी अर्धी दाढी तशीच राहिली.

घरात तर वेगळंच. तुझ्या काकीने तो अंक एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला, दोनदा. मग घडी घातली आणि पाटाखाली ठेवली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते ते आवाज करून. सीताबाई एवढी गप्प मी पाहिलेली नाही. आमच्या लग्नातसुद्धा ती बोलत होती. विचारलं, "काय झालं ते तरी सांग." तर पाण्याचा तांब्या उचलून मागच्या दारी गेली.

गुरुवारी ती श्यामलाबाई स्वतः दुकानात आल्या. मला वाटलं होतं, चष्मेवाली, तावातावाने बोलणारी कुणी असेल. ही तर साधी मुलगी निघाली, तुझ्याहून चार वर्षांनी मोठी असेल, चपलांना धूळ. एसटीने आली होती. मी खुर्ची पुसून दिली. म्हणाली, "काका, तुमच्या खुलाशामुळे आम्हाला नातेवाइकांचा इन्कार म्हणून चौकट द्यावी लागली. पुढचा भाग संपादकांनी थांबवलाय. आणखी दोघी बोलायला तयार झाल्या होत्या. त्या मागे सरल्या."

मी म्हटलं, "बाई, आमच्या घराचा प्रश्न होता. तुम्हाला ज्याने कुणी हे सांगितलं, त्याने नीट माहिती घ्यायला हवी होती."

ती म्हणाली, "सांगणाऱ्याचं नाव मी देऊ शकत नाही. पण काका, खुलासा देण्याआधी तुम्ही तिला विचारलं होतं का?"

"विचारायचं काय? घरची पोर आहे."

तिने चहा घेतला नाही. कप तसाच थंड झाला. जाताना एवढंच म्हणाली, "डावा कोपरा हे शब्द मी घालणार नव्हते." याचा अर्थ मला लागलेला नाही. तुला लागतो का? आपल्याला कबड्डी येते ते तिला माहीत आहे, असं दाखवायचं होतं की काय?

मी उभ्या पेणेत कुठल्या घरात काय चाललंय ते हळदीच्या मंडपात तारा ओढताना ऐकून सांगणारा माणूस. आणि गेले पंधरा दिवस माझ्याभोवती सगळे काहीतरी बोलतायत आणि मला नीट ऐकू येत नाही, असं वाटतंय.

दोन ओळी टाक.

काका


रामवाडी
१२ फेब्रुवारी

शकू,

तुझं आंतरदेशीय शुक्रवारी आलं. आठ वर्षांत माझ्या नावाने आलेलं पहिलं. मी ते दुकानात फोडलं नाही. धरमतरच्या धक्क्यावर एक जनरेटर पोचवायचा होता, तिथे गेलो. बार्जमधून माल उतरत होता. त्या आवाजात माणसाला आपलं आपण राहता येतं, म्हणून तिथे वाचलं.

चारच वाक्यं. "काका, पेपरवाल्या बाईंना मीच सांगितलं. नाव नको असं मी म्हणाले, शाळेत पोरी शिकतात माझ्याकडे. पण डावा कोपरा लिहाच म्हणाले, कारण बाकी महाराष्ट्राला नाही कळलं तरी चालेल, माझ्या माणसांना कळायला हवं होतं. तुम्ही मला खोटं पाडलंत."

वाचून झाल्यावर समोर मिठाच्या राशी दिसत होत्या. लहानपणी मी आणि तुझा बाप त्याच राशींवर टोपल्या वाहायचो, पायाला भेगा पडायच्या आणि मीठ त्यात जायचं. मला काय आठवावं याचं काही ठिकाण नाही.

घरी येऊन पत्र काकीपुढे ठेवलं. तिने वाचलं नाही. म्हणजे काय आहे ते तिला माहीत होतं. मी म्हटलं, "तुला कधी कळलं?"

"तवाच."

"आणि मला?"

तेव्हा बोलली. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम. तिच्याच शब्दांत लिहितो, कारण माझ्या शब्दांवर माझा भरवसा राहिलेला नाही. "तुमाला कसं सांगनार? तुमच्या तोंडाला देवानं भोंगा लावलाय. पोरगी रातभर माज्या मांडीवर होती. म्हनाली, काकी, काकाला सांगू नको, काका माईकवर हसत हसत त्याचं नाव घेतो. मग तुमी काय केलंव? लोकांना टाल्या वाजवायला लावल्याव तिच्यासाठी. गुडघ्यासाठी!"

"मग गुडघा?"

"गुडघा जरासा मुरगललेला. दोन दिवसांत बरा व्हनारा. त्याला तेल चोलून देतो म्हनून बोलावलं त्यानं तिला. तेल! आनि तुमी दरसाल बाटली धाडताव. मी लपवते, तुमी हुडकून काडताव."

पेपरात तेलाचा शब्द नव्हता, शकू. मी पुन्हा काढून वाचलं. उपचार एवढंच आहे. आणि तो माझ्या दुकानातून स्कूटरवर बसताना विचारून गेला, तेल लावते ना अजून. तेव्हा मला तो माणूस प्रेमळ वाटला. आता तेच वाक्य तसंच्या तसं कानात येतं, त्याच आवाजात, स्कूटरच्या फटफटीसकट. माझे कान कशाचे तीक्ष्ण? आवाज ऐकणं आणि बोलणं समजणं वेगळं असतं की काय, मला आता काही सांगता येत नाही.

शनिवारी महादेवकडे गेलो. छापखान्यात प्रुफं तपासत होता. म्हटलं, "माझा खुलासा मागे घ्यायचाय. चौकट दे, तशीच, पहिल्या पानावर."

तो हसला. "खुलाशाचा खुलासा? काळूशेठ, लोक काय म्हणतील? पेपर आहे का विटीदांडू?"

"लोकांचं मी बघतो. तू छाप."

"सर नोटीस काढतील. आणि सत्काराची पुरवणी माझ्याकडेच आहे, चार पानं. तू धंद्याचा माणूस. तुला समजतं." मग खालच्या आवाजात, जवळ येऊन, "झालं ते आठ वर्षांपूर्वी. पोरगी तिकडे सुखात आहे ना? कशाला उकरतोस?"

मी म्हटलं, "उकरत मी नाय. तीच म्हणते."

"मग तिला सांग समजावून. तू बापासारखा."

मी उठून आलो. बाहेर आल्यावर लक्षात आलं, की महिन्यापूर्वी हेच मी दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असतं, याच आवाजात, खांद्यावर हात ठेवून. आणि ते मला चांगलं वाटलं असतं.

आता माझ्या हातात एकच गोष्ट उरते. पंचवीस तारखेला, रविवारी, रोह्याची स्पर्धा. माईक माझ्याकडे आहे. वरशापासून अष्टमीपर्यंतच्या गावांतली माणसं येतील. तू सांगशील ते मी बोलेन. तू म्हणशील एवढंच बोल, तर एवढंच. गप्प राहा म्हणालीस तर कर्णे उतरवून घरी येईन, आजारी आहे म्हणेन. पण या खेपेस तुला विचारल्याशिवाय तोंड उघडणार नाही. पत्र टाक. वेळ नसेल तर एसटीडी बूथवरून दुकानात फोन कर, मी दुकान सोडत नाही.

गुडघ्याबद्दल विचारायची सवय आहे, हात तिकडे जातोय. नाही विचारत.

काका


रामवाडी
४ मार्च

शकू,

तुझा फोन आला नाही, पत्रही नाही. शनिवारी मी पोस्टमनला वाटेतच गाठलं. त्याने पिशवी उघडून दाखवली, म्हणाला, "शेठ, स्वतः हात घालून बघा." बघितलं. त्यामुळे पुढे जे झालं ते तुझ्या परवानगीने झालं की नाही, हे मला अजून माहीत नाही. जसं झालं तसं सांगतो, मग तू काय ते ठरव.

काकी म्हणाली, मीपन येते. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ती कधी सामन्याला आली नव्हती. तू खेळायचीस तेव्हासुद्धा दाराशी उभी राहून कर्ण्याच्या आवाजावरून अंदाज घ्यायची. टेंपोत माझ्या शेजारी अॅम्प्लिफायर मांडीवर घेऊन बसली. नागोठणं आलं. मग म्हणाली, "काय बोलनार हाव?"

"कळत नाय."

"मंग नका बोलू."

"गप्प राहिलो तर मानपत्र वाचावं लागेल. ते पण बोलणंच आहे."

तिने अॅम्प्लिफायर मांडीवर नीट सरकवून घेतला. मला माझंच बोलणं पुढे समजेना.

मुलींचा अंतिम सामना दुपारी झाला. तुमच्या कॉलेजचा संघ होता. डाव्या कोपऱ्याला मनस्वी नावाची पोर, काटक, सावळी. चढाईवाली बोनसच्या रेषेवर नाचत होती आणि ही हलत नव्हती. मग एकदम घोटा धरला, की तिकडचा पाय तिकडेच. सगळं मैदान उभं राहिलं. मी इतक्या वर्षांत डाव्या कोपऱ्याची पकड बघून गप्प राहिलो नाही. त्या दिवशी माईक तोंडासमोर होता आणि तोंडातून आवाज येईना. लोक वळून वळून टेबलाकडे बघायला लागले.

"काळूशेठ, मशीन बिघाडली काय?" कुणीतरी ओरडलं.

"नाय, मशीन बरी हाय," मी म्हटलं. तेही कर्ण्यातून गेलं. लोक हसले.

सामना संपला. दिनानाथ सर फेटा बांधून व्यासपीठावर बसले. बाजूला तुमचे प्राचार्य, आता निवृत्त, तेही होते. महादेवने मानपत्र माझ्या हातात दिलं. सोनेरी किनार, चौकटीत बसवलेलं. "पंचवीस वर्षे कन्यांना पित्याच्या मायेने घडविणारे," असं पहिलंच वाक्य. मी तेवढं डोळ्यांनी वाचलं आणि थांबलो.

मी विचार केला, शकूने मला काही शब्द दिलेले नाहीत. पण तिने जगाला काही शब्द दिलेत. विचार करून, मोजून दिलेत. तेवढेच वापरले तर ती चोरी होणार नाही. माझे म्हणून एकदोन घालावे लागतील, ते माझ्याबद्दलचे घालीन, तिच्याबद्दलचे नाही.

मग उभा राहिलो. नेहमी मी बसून बोलतो.

म्हटलं, "मंडळी, हे मानपत्र मी वाचणार नाही. मुंबईच्या पेपरात अठ्ठ्याऐंशीच्या डाव्या कोपऱ्याबद्दल आलं, ते तुम्ही वाचलंय. मी त्या डाव्या कोपऱ्याचा काका. खुलासा मी दिला होता. तिला न विचारता दिला होता. तो खोटा आहे." आणि अॅम्प्लिफायर बंद केला.

एवढंच, शकू. नाव घेतलं नाही. ते मी आधीच छापून बसलोय, ते परत घेता येत नाही, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

कर्णा बंद झाला की मैदान किती मोठं असतं ते मला कधी कळलं नव्हतं. महादेव ओरडत माझ्याकडे आला, मंडळाची दोन पोरं वायरींशी झटापट करायला लागली. काकी अॅम्प्लिफायरवर हात ठेवून उभी राहिली. "कुनी हात लावायचा नाय. आमचा हाय." पोरं मागे झाली. सत्कार त्यांनी तसाच उरकला, तोंडी. शाल घातली, नारळ दिला. सर पाच मिनिटं बोलले. पहिल्या रांगेलाही ऐकू आलं नाही. लोक खाली बघत होते, काही उठून गेले, काही मुद्दाम टाळ्या वाजवत होते. कोण कुणाच्या बाजूचा ते मला समजलं नाही. माझ्याकडे बघून एकजण थुंकला, आणि त्याच्या शेजारच्याने माझ्यासाठी पाणी आणलं. दोघे सख्खे भाऊ आहेत.

मी वायरी गुंडाळत होतो. कडेवर मूल घेतलेली एक बाई टेबलाशी येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "बाय, कार्यक्रम संपला. हरवल्याची घोषणा असेल तर मशीन बंद आहे." मला वाटलं, तिचं दुसरं मूल गर्दीत चुकलंय.

ती म्हणाली, "काका, मी ब्याण्णवचा उजवा कोपरा."

मला पटकन कळलंच नाही. मी आठवायला लागलो, ब्याण्णवचा उजवा कोपरा कोण, कुठल्या गावची, तिने कुणाला धरलं होतं. खेळाचंच आठवत होतो, वेड्यासारखा. काकीला आधी कळलं. तिने मूल स्वतःकडे घेतलं. "दे इकडं," एवढंच म्हणाली. श्यामलाबाई मागे, चिंचेखाली उभ्या होत्या. एसटीनेच आल्या होत्या, कुणी बोलावलेलं नसताना. ती बाई त्यांच्याकडे चालत गेली. मूल काकीच्या गळ्यातली पोत ओढत होतं.

नंतर श्यामलाबाईंनी माझं नाव विचारलं. मी म्हटलं, "डाव्या कोपऱ्याचा काका, एवढंच लिहा." तसंच छापलंय काल. या खेपेस कात्रण आत घातलंय आणि बाहेर काढलेलं नाही. नातेवाइकांचा इन्कार मागे, असं आहे, आणि उजव्या कोपऱ्याचंही आहे. बाईंनी तिचंही नाव दिलेलं नाही. आपल्याकडे ते सगळ्यांना कळलं आहे.

बाकीचं असं. सरांच्या वकिलाची नोटीस आली. दोन हळदींनी आपला साऊंड नको म्हणून कळवलं. एकाने मुद्दाम येऊन बोलावणं दिलं, ज्याचा आणि माझा पाच वर्षं अबोला होता. मी दारू पिऊन बोललो असं काही लोक म्हणतात, आणि सलूनवाला त्यांच्याशी भांडतो की काळूशेठ पीत नाय. मी बरोबर केलं का? सकाळी वाटतं हो, दुपारी वाटतं, पुन्हा एकदा तुला न विचारताच बोललो. काकीला विचारलं तर म्हणते, "मला नका विचारू. तिला विचारा." म्हणून विचारतोय.

परत आलेली तेलाची बाटली काकीने मोरीत ओतली. रिकाम्या बाटलीत रॉकेल भरलंय.

होळी तोंडावर आली आहे. ये म्हणत नाही. यावंसं वाटलं तर रामवाडीच्या फाट्यावर उतर, काकी घ्यायला येईल. मी दुकानातच थांबेन, तू हाक मारलीस तर येईन.

आशीर्वाद या वेळी तुला एकटीला.

शकू, तू कशी आहेस?

काका